पॉलिसीचं गाव

लिंबांवरून गाडी पुढे न्यायची असते, एवढं त्रिविक्रमला सांगण्यात आलं होतं. ती कुठे थांबवायची असते हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही, कारण बेंगळूरमध्ये ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

साल १९९६, दिवस आयुधपूजेचा. पुण्याला त्रिविक्रमच्या घरी खंडेनवमीला वडील आपला अडकित्ता, शिंप्याची जुनी कात्री आणि सायकलचा पंप पाटावर मांडत, त्यावर झेंडूची तीन फुलं ठेवत आणि मग चहा घेत. इतक्या आटोपशीर देवधर्मात वाढलेला हा मुलगा सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी मल्लेश्वरममध्ये भाड्याने राहायला आला, दोन महिन्यांपूर्वी त्याने जुनी मारुती घेतली आणि थेट घरमालकीण मालनबाईंच्या तावडीत सापडला. मालनबाईंचे पूर्वज चार पिढ्यांपूर्वी तंजावरकडून इकडे आले होते. त्यांची मराठी ऐकताना अधूनमधून वाट चुकल्यासारखं वाटे, पण हुकूम बरोबर कळत.

"पूजा न करता गाडी फिरवतोस? स्वल्प तरी भीती धर," त्या म्हणाल्या. "आणि कागद पण ताटात ठेव. कागदाशिवाय गाडी म्हणजे लग्नाशिवाय संसार."

त्रिविक्रमच्या बायकोने, वीणाने, गाडीचे कागद चांदीच्या ताटात ठेवले. सगळ्यांत वर विम्याची पॉलिसी होती. तिच्या माथ्यावर वीणाने ओल्या कुंकवाचं चांगलं घसघशीत स्वस्तिक काढलं. मालनबाईंनी त्यावर पळीभर पाणी सोडलं, शिवाय दूध. मग चार चाकांखाली चार लिंबं गेली, बोनेटला शेवंतीचा हार पडला आणि त्रिविक्रम चालकाच्या जागेवर बसला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्याचे वीस तास झाले होते. त्यांतले बारा पावसामुळे शिकवणाऱ्याच्या गप्पा ऐकण्यात गेले होते.

लिंबं फुटली, मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी त्याचा पाय बावरला आणि ब्रेक समजून भलत्याच पट्टीवर पडला. गाडी फाटकातून बाहेर गेली, फुटपाथवर चढली आणि शेवंतीच्या ढिगात शिरून थांबली.

त्या ढिगामागे गंगव्वा बसली होती.

ती दर दसऱ्याला तिथेच बसायची. आनेकलहून पहिल्या बसने फुलांची टोपली घेऊन यायची, संध्याकाळपर्यंत विकायची आणि रिकामी टोपली डोक्यावर घालून परत जायची. त्या दिवशी बोनेटवर जो हार होता, तोही सकाळी तिच्याकडूनच घेतला होता. तिचा उजवा गुडघा गाडीचा बंपर आणि मागची भिंत यांच्यामध्ये सापडला. ती ओरडली नाही. नुसतीच फुलांकडे बघत राहिली, आणि हेच त्रिविक्रमला पुढे कित्येक महिने झोपू देईना.

इस्पितळ झालं, पोलीस झाले. हवालदार सभ्य होता. वहीत लिहिता लिहिता त्याने विचारलं, "विमा? कुठली कंपनी?"

त्रिविक्रम कागद आणायला घरात धावला. कागद होता, पण वरचा चार बोटांचा पट्टा ताटाला चिकटून बसलेला आणि ताट मालनबाईंनी तोवर घासूनही टाकलेलं. कंपनीचं नाव, चिन्ह, पत्ता, तारखा सगळं मोरीतून वाहून गेलं होतं. खाली सहीशिक्क्याच्या जागी निळा ढग उरला होता. गाडीचा नंबर तेवढा शाबूत होता आणि त्याच्याखाली टंकलेखन यंत्रावर काढलेला पॉलिसीचा लांबलचक नंबर. बाकीचा मजकूर सगळ्या कंपन्यांचा कायद्यानेच एकसारखा असतो, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

तेव्हा देशात गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपन्या चारच होत्या. बाहेर हवालदार थांबला होता, रस्त्यावर शेवंती सांडली होती. "कुंकवामुळे माहीत नाही" असं सांगायची त्रिविक्रमला लाज वाटली. त्याने एक नाव ठोकून दिलं. पुण्याला वडिलांच्या स्वयंपाकघरात ज्या कंपनीच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडलेले असत, तिचं. चारातलं एक तर बरोबर असणारच, असा त्याचा इंजिनिअरी हिशेब. हवालदाराने ते नाव नीट अक्षरात वहीत उतरवून घेतलं.

इस्पितळाचं बिल त्रिविक्रमने भरलं. त्यासाठी वीणाने माहेरच्या पाटल्या मोडल्या. पण गुडघा काही वाकेना. फूलवालीचा धंदा म्हणजे मांडी घालून बसणं आणि टोपली डोक्यावर घेऊन उठणं. गंगव्वाला आता यांतलं एकही जमत नव्हतं. तिला हवं होतं बाजाराच्या तोंडाशी एक फळकुटाचं दुकान आणि बसायला एक स्टूल. ते विम्याच्या भरपाईतूनच होण्यासारखं होतं. तिच्या वतीने दयानंद नावाच्या वकिलांनी दावा लावला आणि मे महिन्यात त्या कंपनीचं उत्तर आलं: हा नंबर आमचा नाही, ही पॉलिसी आमची नाही.

दयानंद वकील कारवारकडचे. ते समोरच्या बाजूचे असूनही त्रिविक्रमला त्यांचाच आधार वाटायचा. त्यांनी बाकीच्या तिन्ही कंपन्यांच्या बेंगळूरच्या ऑफिसांत विचारून पाहिलं होतं. सगळीकडून नकार आला होता.

"म्हणजे एक तर तुमची पॉलिसी खोटी, नाही तर आपण चुकीच्या दारात उभे," ते त्रिविक्रमला म्हणाले. "गाडी कुणाकडून घेतली?"

"येलहंक्याला विमानदलातले एक गृहस्थ होते. ते बदली होऊन कुठे तरी आसामात गेले. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही."

"मग एकच इलाज. तुम्ही ज्योतिबाअण्णाकडे जा. जाताना फळं-बिळं नेऊ नका, परत पाठवतो तो."

ज्योतिबाअण्णा हे कुणी मोठे साहेब असतील अशा समजुतीने त्रिविक्रम इस्त्रीचा शर्ट घालून गेला. त्या चारांपैकीच एका कंपनीच्या विभागीय ऑफिसात, जिन्याखाली, जिथे माणसाला उभं राहताना मान किंचित वाकवावी लागे, तिथे टपाल विभाग होता. एक टेबल, भिंतभर लाकडी खण, डिंकाची बरणी, ओला स्पंज आणि लाखेचा वास. टेबलामागे पन्नाशी उलटलेला, काटक, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला माणूस पाकिटांवर पत्ते लिहीत होता. अक्षर असं, की पोस्टमनने ते पाकीट फ्रेम करून घरी लावावं.

"बसा की," तो वर न बघता म्हणाला. बसायला जागा नव्हती. त्रिविक्रम उभाच राहिला आणि मान वाकवून नमस्कार केल्यासारखा दिसू लागला.

ज्योतिबा बेळगावजवळच्या कडोलीचे. १९७४ साली या ऑफिसात टपाल कारकून म्हणून चिकटले आणि तिथेच राहिले. बढतीची परीक्षा त्यांनी कधी दिली नाही. तेवीस वर्षं देशभरच्या विमा ऑफिसांना पत्रं पाठवायची आणि त्यांची आलेली फोडायची, एवढंच काम. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर कुठल्या ना कुठल्या पॉलिसीचा नंबर. हजारो नंबर डोळ्यांखालून गेले. नंबराच्या तोंडचे सहा आकडे म्हणजे ती पॉलिसी जिथे जन्मली त्या ऑफिसचा पत्ता, हे तिथल्या सगळ्यांनाच माहीत होतं. पण ज्याला ते सहा आकडे वाचल्यावर गावच डोळ्यांसमोर दिसतं, असा माणूस एकच होता. मंगळूरची पाकिटं पावसाळ्यात दमट येतात, हुबळीवाले डिंक लावताना कंजुषी करतात, एका ऑफिसचा कारकून तिकीट नेहमी उलटं चिकटवतो. या सगळ्यांशी ज्योतिबांचं नातं होतं, आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्रिविक्रमने प्लास्टिकच्या पिशवीतून, कंपनीच्या नकाराच्या पत्रासोबत, तो अर्धा कागद काढला. ज्योतिबांनी तो उजेडाकडे धरला नाही की डोळ्यांजवळ नेला नाही. टेबलावर ठेवून पाढा म्हणावा तसे आकडे एकदा म्हटले आणि थांबले.

"हे वर लाल कसलं?"

"कुंकू. आयुधपूजेला..." त्रिविक्रम पुटपुटला.

"बायकोनं लावलं?"

"हो."

"बायकूला काय बोलला नाहीसा नव्हं?"

"नाही."

"मग बरं." त्यांनी कागद परत पाहिला. "कुठं कुठं शोधलासा?"

"बेंगळूरमधल्या चारही कंपन्यांत."

"बेंगळूरमधी कशाला शोधालाय? हे बेंगळूरचं नव्हंच. बघा, हे पहिले सहा आकडे. आमची कंपनी नव्हं ही, पलीकडची. ऑफिस बिदर."

"बिदर?"

"बिदर. हे एकतीस म्हणजे मोटार. पंच्याण्णव म्हणजे पंच्याण्णव एप्रिलपासनं शहाण्णव मार्चपतोरचं वर्ष. मागचा आकडा अनुक्रमाचा, त्या वर्षात त्या ऑफिसनं केलेली कितवी पॉलिसी ते."

त्रिविक्रमच्या डोक्यात दिवा लागला. येलहंक्याचे ते गृहस्थ बोलताना म्हणाले होते की ते आधी विमानदलाच्या बिदरच्या तळावर होते. गाडी तिथूनच चालवत आणली होती. पण दिवा लागतो न लागतो तोच दुसरी भीती उभी राहिली. पंच्याण्णवची पॉलिसी. एका वर्षाची मुदत. अपघात शहाण्णवच्या दसऱ्याला.

"अण्णा, म्हणजे ती तोवर संपलेली असेल?"

"एप्रिलात काढली असंल तर संपली. संक्रांतीला काढली असंल तर चालू." ज्योतिबा इतक्या सपाट आवाजात बोलले, की कुणाचा तरी गुडघा यावर अडलेला आहे हे त्यांना ठाऊक नसावं असं वाटावं. मग त्यांनी अनुक्रमाच्या आकड्यावर बोट ठेवलं. सोळाशे बेचाळीस. "बिदरचं ऑफिस लहान. दसऱ्याला त्यांची पत्रं येतात त्यावर नंबर असतोय हजाराच्या आत-बाहेर. सोळाशे व्हायला जानेवारी उजाडतोय. माझ्या हिशेबानं ही पॉलिसी जानेवारी शहाण्णवची. तुमच्या दसऱ्याला जिती होती."

त्रिविक्रमला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं. पण जागा नव्हती.

"मी आत्ता बिदरला फोन लावतो," तो म्हणाला.

"फोन नको. फोनची नोंद ऱ्हात नाही. पत्र लिवा, रजिस्टर करा. आणि आणखी एक लिवायला लागतंय." ज्योतिबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "पोलिसाला त्या दुसऱ्या कंपनीचं नाव कुणी सांगिटलं?"

त्रिविक्रमने मनाशी दोन-तीन वाक्यं जुळवून पाहिली. त्यात "गडबडीत", "गैरसमज", "हवालदाराला ऐकू" असले शब्द होते. जिन्याखाली उभं राहून मान वाकवलेली असल्यामुळे असेल, पण त्यांतलं एकही तोंडातून निघेना.

"मीच. अंदाजानं."

"मग तसं कोर्टाला लिवून द्या. अंदाजानं सांगिटलं म्हणून. न्हाई तर बिदरवाले म्हणणार, मालक एकदा एक नाव सांगतोय, एकदा दुसरं. तिथं वर्ष जाणार. ती बाई तवर काय करणार?"

त्यांनी त्रिविक्रमकडून तिथेच चार ओळींचं पत्र लिहून घेतलं, कोरं पाकीट ओढलं आणि बिदरचा पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतला. लिहिता लिहिताच, कुणी विचारलेलं नसताना, ते बोलू लागले. आवाज तोच, पत्ता सांगितल्यासारखा.

"माझा धाकटा भाऊ होता, दत्ता. आनेकलच्या बाजूला कारखान्यात होता. नव्वद साली सायकलीवरनं येताना लॉरीनं उडवलं. जाग्यावरच गेला. हवालदारानं लॉरीच्या पॉलिसीचा नंबर हातावर लिवून घेतला, वही भिजली होती म्हणून. चौकीला जाऊपतोर घामानं एक आकडा गेला. सहा आकड्यांतला चौथा."

त्यांनी पत्र आत घालून पाकिटाला डिंक लावला.

"शून्यापासनं नवापतोर दहा आकडे. म्हणजे दहा ऑफिसं. मी विमा कंपनीत, सोळा वर्षं झाली होती. आणि मला एक ठावं नव्हतं. नुसते पत्ते लिवायचो. दहा जागी पत्रं टाकली. कोण उत्तर देतंय, कोण देत नाही. तवा कायदा असा होता, दावा सहा महिन्यांत, लईच झालं तर वर्षाच्या आत. तेराव्या महिन्याला पत्र आलं. होय, पॉलिसी आमची आहे."

लाख वितळली. ज्योतिबांनी मोहोर दाबली आणि ती गार होईपर्यंत बोट काढलं नाही.

"तो वर्षाचा नियम चौऱ्याण्णवला काढून टाकला. चांगलं झालं. दत्ताची बायकू रत्नाबाई, ती शिवणकाम करून पोरं वाढवतेय. आमच्यातच असती, एका घरात." त्यांनी पाकीट पुढे केलं. "पोस्ट पाच वाजता बंद होतंय."

त्रिविक्रम पावणेपाचला पोस्टात पोचला. रस्त्यात त्याला एवढंच सुचत होतं, की त्या तेराव्या महिन्यानंतर हा माणूस रोज सकाळी जिन्याखाली बसून देशभरची ऑफिसं पाठ करत गेला असणार. कुणाला शिकवण्यासाठी नव्हे, कुणी शाबासकी द्यावी म्हणूनही नव्हे. पुढचा कुणी एक आकडा हरवून आला, तर त्याला दहा पत्रं टाकावी लागू नयेत, इतकंच. दयानंद वकिलांनी पुढे सांगितलं की वकील येतात, हवालदार येतात, एकदा तर एका ऑफिसातला साहेबच आपल्याच कंपनीची पॉलिसी ओळखून घ्यायला आला होता. ज्योतिबा त्याच्याकडून चहासुद्धा घेईनात. कारण विचारलं तर म्हणाले, चहाला जिन्याखाली मुंग्या लागतात.

बिदरहून उत्तर सतराव्या दिवशी आलं. पॉलिसी आमची. तारीख अकरा जानेवारी १९९६, मुदत एक वर्ष.

पण त्यापुढचं काम सोपं नव्हतं. कोर्टात न्यायाधीशांसमोर त्रिविक्रमला उभं राहून सांगावं लागलं, की पोलिसांना दिलेलं नाव आपण कागद न बघता सांगितलं होतं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही इंजिनिअर आहात ना?"

"हो."

"ऑफिसात पण अंदाजानं सांगता?"

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. त्रिविक्रमचे कान तापले. वीणा मागे बसून ऐकत होती. त्याने मात्र कुंकवाचं नाव काढलं नाही, ताटाचंही नाही आणि मालनबाईंचं तर नाहीच. त्या दिवशी घरी गेल्यावर वीणाने त्याला न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. संसारात याला शाबासकी म्हणतात.

निकाल लागायला पुढचा मार्च उजाडला. बिदरच्या ऑफिसचा एक माणूस नोंदवही घेऊन आला होता. कंपनीने पॉलिसी मान्य केली, कोर्टाने रक्कम सांगितली. दयानंद वकिलांनी ती गंगव्वाला कन्नडमध्ये समजावून दिली. बाजाराच्या तोंडाशी दुकान होईल, फळकुटाचं नाही, पत्र्याचं सुद्धा होईल. गंगव्वाने ऐकून घेतलं, म्हणाली, "सरी," म्हणजे बरं, आणि काठी टेकत उठली. तेवढ्या एका शब्दात तिला बरं वाटलं की नाही, याचा कुणाला पत्ता लागला नाही. त्रिविक्रमला तिच्याशी बोलायचं होतं. दीड वर्षात तो कन्नडची चाळीस वाक्यं शिकला होता, पण त्यांतलं एकही या कामाचं नव्हतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाजवळ ज्योतिबाअण्णा उभे होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. दयानंद वकील म्हणाले, ते असेच येतात, निकाल ऐकतात आणि जातात. उन्हात ते जिन्याखाली असत त्याहून बरेच म्हातारे दिसत होते.

त्रिविक्रम त्यांच्याकडे गेला. या दीड वर्षात वीणा त्याला म्हणाली होती, तुझी काही चूक नाही. मालनबाई म्हणाल्या होत्या, दृष्ट लागली रे, दुसरं काय. ऑफिसातले म्हणाले होते, अशा गोष्टी होतातच. सगळ्यांनी समजूत घातली होती आणि कुणाचंही त्याला पटलं नव्हतं. या एका माणसाने मात्र एकदाही समजूत घातली नव्हती, म्हणून तो जे म्हणेल ते खरं, असं त्याच्या मनाने धरलं होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "तुमच्यामुळे तिचं काम झालं. तुम्ही नसता तर मी अजून चुकीच्या दारात उभा असतो." एवढं बोलून झाल्यावर त्याने जे विचारायचं होतं ते विचारलं. "आता तरी माझं फिटलं म्हणायचं ना?"

ज्योतिबा कोर्टाच्या पायऱ्यांकडे बघत होते. कोर्टाची तारीख असली तरी फुलांचा दिवस कुणी बुडवत नाही, त्यामुळे गंगव्वा सकाळी आनेकलहून शेवंतीची टोपली, येणाऱ्याजाणाऱ्याला उचलायला लावत, सोबत घेऊनच आली होती. ती आता सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवलेली होती. पहिल्यांदा गंगव्वाने काठी भिंतीला टेकवली. मग उजवा पाय ताठ बाजूला काढला, डाव्या गुडघ्यावर वाकली, टोपलीच्या काठाला हात घातला आणि तशीच थांबली, दम घेत.

"आधी तिची टोपली उचला," ज्योतिबा म्हणाले.